दुसरी पानं भज्यांना गेली

आईला जीपमध्ये आडवं करून दवाखान्यात नेलं, त्या संध्याकाळी बाबांनी जेवणाआधी प्रार्थनेला डोळे मिटले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. एरवी आमच्या घरची जेवणाआधीची प्रार्थना म्हणजे मोठं प्रकरण असायचं. बाबा देशाच्या राष्ट्रपतींपासून सुरुवात करून गावच्या कोतवालापर्यंत सगळ्यांसाठी मागायचे, मग पाऊस, मग पिकं, मग आजारी माणसं, मग आजारी गुरं, आणि तोवर वरणावर जाड पापुद्रा धरलेला असायचा. त्या दिवशी मात्र ते एकदम "आमेन" म्हणाले. मी एक डोळा उघडून पाहिलं, तर ते भाताकडे बघत होते. मला वाटलं, मधला भाग विसरले असतील. मी तेरा वर्षांची होते आणि मोठ्या माणसांबद्दल माझे असे बरेच समज होते.

आम्ही जानेफळला राहायचो. बाबा, म्हणजे शमुवेल मास्तर, तिथल्या शाळेत शिकवायचे आणि रविवारी आमच्याच ओसरीवर उपासना घ्यायचे. गावात ख्रिस्ती घरं पाच. पाचही घरांची माणसं त्या ओसरीवर मावायची, तरी बाबा असे बोलायचे, जणू शेवटच्या रांगेतला माणूस पार तालुक्याला, मेहकरला बसलेला आहे. बाजाची पेटी वाजवणं माझ्याकडे होतं. तिची एक पट्टी एकदा दाबली की वर येत नसे, त्यामुळे कुठलंही भजन धरलं तरी त्याच्याखालून 'पंऽऽ' असा एक सूर शेवटपर्यंत चालायचा. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, महिन्यातून एकदा प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस द्यायला यायचे. त्यांनी पहिल्यांदा तो सूर ऐकला तेव्हा भजनाच्या मधेच उठून, बाहेर कुणाची मोटार उभी आहे का, ते बघून आले. आई या सगळ्याला हसायची. तिचं हसणं आवाज न करता यायचं, नुसते खांदे हलायचे. आजारात तेच आधी थांबलं. तिच्या फुफ्फुसात पाणी झालं होतं, आणि हसलं की दुखायचं.

तिला नेल्यावर माझी प्रार्थना बंद पडली. रागानं नव्हे. डोळे मिटले की मला ती जीप दिसायची, आणि जीपच्या मागच्या फळीतून बाहेर आलेले आईचे पाय. आमच्या घरात डोळे उघडे ठेवून केलेली प्रार्थना धरत नसत. लहानपणी मी तसं केलं तर बाबा पुन्हा पहिल्यापासून करायला लावायचे. आता काय करायचं, असे दोन-तीन दिवस गेले. मग माझ्या लक्षात आलं की लिहायला डोळे उघडेच लागतात. मिटून कुणालाच लिहिता येत नाही, त्यामुळे त्याबद्दल कुणी बोलूही शकत नाही. एवढ्या साध्या पळवाटेतून मी लिहायला लागले, आणि आता सत्तरीच्या जवळ आले तरी लिहितेच आहे. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, तरुण मुली हल्ली प्रार्थनेची वही ठेवतात. रंगीत पेनं, फुलांच्या चिकटचित्रांची पाकिटं, सगळा थाट असतो. मला विचारतात, "आजी, तुम्ही कशी सुरुवात केली?" मी सांगते, वाळवी लागलेल्या हजेरीपटात.

शाळेतले जुने, रद्द झालेले हजेरीपट बाबा घरी आणायचे. आम्ही त्याला कॅटलॉग म्हणायचो. पानाच्या एका बाजूला कधीचीच शाळा सोडून गेलेल्या पोरांची हजेरी, दुसरी बाजू कोरी. मी कोऱ्या बाजूवर लिहायची. एक पत्र साधारण दोन पानांचं. पहिल्या पानावर वर 'प्रिय देवबापा', मग ख्यालीखुशाली, थोडी स्तुती, कारण काही मागायच्या आधी स्तुती करावी असं बाबांनी शिकवलेलं. दुसऱ्या पानावर खरा मजकूर.

खरा मजकूर म्हणजे मुख्यतः मार्थाआत्या. ही बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, सुलतानपूरला एकटी राहायची. आई दवाखान्यात गेली तशी ती एक पत्र्याची पेटी आणि एक कोंबडी घेऊन आमच्याकडे आली. कोंबडीचं नाव एस्तेर. "राणीवानी चालते ते," आत्या म्हणाली, "मंग राणीचंच नाव ठेवलं." एस्तेर घरात राहायची. रविवारी उपासनेच्या वेळी ती बाजाच्या पेटीच्या झाकणावर बसायची, आणि प्रार्थनेत सगळे शांत झाले की अंडं घालून पाचही घरांना कळवायची.

आत्याचा ओव्यावर फार विश्वास होता. पोटाला ओवा, डोक्याला ओवा, सर्दीला ओवा, आणि कुणाला काहीच झालेलं नसेल तर होऊ नये म्हणून ओवा. वांग्याच्या भाजीत ओवा, वरणात ओवा, आणि दुसऱ्याच दिवशी चहात. बाबा तो चहा प्यायले आणि काही बोलले नाहीत, कारण त्या दिवसांत ते कशालाच काही बोलत नव्हते. भाकरी आत्या अशी थापायची की तिच्याखाली पातेलं झाकलं तर मांजराची काय, बैलाचीही ते उघडायची ताकद नव्हती. आज वाटतं, साठीच्या बाईनं स्वतःचं घर बंद करून दुसऱ्याच्या चुलीपुढे बसायचं म्हणजे काय असतं. तेव्हा मात्र मला भाकरीच दिसायची.

तर मी लिहायची: 'आज चहात ओवा होता. तू सर्वज्ञ आहेस म्हणून तुला हे माहीत असेल, पण तू तो प्यायलेला नाहीस.' लिहायची: 'आत्या घोरते तेव्हा एस्तेर झोपेत तिला उत्तर देते. दोघींचं काय चाललेलं असतं ते मला कळत नाही, पण जिंकते आत्या.' बाबांबद्दलही लिहायची: 'बाबा मागच्या वर्षीचंच प्रवचन परत सांगत आहेत. सगळ्यांच्या लक्षात आलं आहे, पण कुणी बोलत नाही. कारण त्याचा शेवट कुणालाच माहीत नाही, आणि का माहीत नाही हे सांगायची सगळ्यांना लाज वाटते.' आईबद्दल मी सरळ लिहीत नसे. बाबा शनिवारी अर्धी शाळा करून एसटीनं दवाखान्यात जायचे आणि रविवारी सकाळच्या गाडीनं परत यायचे. लहान मुलांना वॉर्डात सोडत नसत. मी विचारलं की ते म्हणायचे, "बरी आहे." प्रत्येक रविवारी तेच दोन शब्द, आणि त्या दोन शब्दांनंतर ते पाय धुवायला जायचे.

शेवटच्या एका न भरलेल्या पानावर मी हजेरी मांडली होती. कॅटलॉगच होता, रकाने आखलेले होते, मोह आवरला नाही. पहिलं नाव देवबाप, दुसरं आई, तिसरं बाबा, चौथं आत्या, पाचवं एस्तेर. रोज सकाळी मी ह किंवा गै मांडायची. आत्या आणि एस्तेर रोज हजर. आई गैरहजर, ते उघडच होतं. देवबापाला पहिले चार-पाच दिवस मी भीतीनं ह दिला. मग एका सकाळी विचार केला की खोटी हजेरी मांडणं हे पाप आहे, बाबा तर त्यासाठी दुसऱ्या मास्तरांशी भांडलेले होते. त्या दिवसापासून खरी मांडायला लागले. गै, गै, गै. आणि त्याच्यामागोमाग बाबांनाही. पानाच्या खाली मी लिहिलं होतं: 'देवबापा, तू येत नसशील तर तसं कळव. देवबापा, तुझ्या जागी दुसरा कुणी पाठवू नकोस. देवबापा, मी कुणाला सांगणार नाही.'

पाळकसाहेब यायच्या आधी आत्यानं घर आवरायला काढलं. मी शाळेतून आले तर भिंती सारवलेल्या, भांडी लखलखीत, आणि कोनाड्यातले कॅटलॉग गायब.

"आत्या, इथले कॅटलॉग?"

"ते वाळवीचे? रहीमभाईले देऊन टाकले भज्याले," आत्या म्हणाली. "लय खुश झाला. आता दर बाजाराच्या दिवशी आपल्याले एक पुडा भजे भेटत राह्यतील."

रहीमचाचांचा भज्यांचा गाडा एसटी थांब्याजवळ होता. कांद्याचे, मिरचीचे आणि मेथीचे भजे. त्यांच्या हाताची मेथीची चव मला अजून कुठे सापडलेली नाही. मी दारातून निघाले तेवढ्यात समोरून माझी मैत्रीण कुंदा आली. कुंदा तायडे, आमच्या वर्गातली, तिचे वडील गावात टपाल वाटायचे. तिच्या हातात तेलानं पारदर्शक झालेला कागद होता आणि हसून तिला ठसका लागला होता.

"सुवार्ते, हे तुह्यं अक्षर हाय नं वं? 'आत्याची भाकर उन्हात ठेवली तं तिच्यावर म्हैस बसू शकते.' आमच्या बाबानं दोनदा वाचून दाखवलं."

माझं नाव सुवार्ता. म्हणजे चांगली बातमी. बाबांनी ते ठेवलं तेव्हा ती अशी गावभर पसरेल, हे त्यांच्या मनात नसणार.

आम्ही दोघी थांब्यावर पळत गेलो तेव्हा गाड्यापुढे दहा-बारा माणसं होती, आणि सगळ्यांच्या मधोमध, बाकावर, मार्थाआत्या. घर आवरून झाल्यावर ती आपला पहिला पुडा घ्यायला आली होती. आत्या मोठेपणी वाचायला शिकलेली. बायकांच्या शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, वर्गात बोट ठेवून, एकेक अक्षर मोठ्यानं उच्चारत शिकलेली, त्यामुळे तिला मनात वाचता येत नसे. दिसेल ते ती गावाला ऐकू जाईल असं वाचायची. भजे संपले होते आणि तिनं कागद उलगडला होता.

"मा-झी आ-त्या स्व-यं-पा-क क-र-ते ते-व्हा," आत्या वाचत होती, "मी त-व्या-सा-ठी प्रा-र्थ-ना क-र-ते." ती थांबली आणि तिनं मान हलवली. "कोनाचं लेकरू हाय बापा. बिचाऱ्याचे लय हाल दिसून राह्यले."

"पुढं काय हाय, आजी?" कुणीतरी विचारलं.

"ती घो-र-ते ते-व्हा भिं-ती-चा पो-प-डा प-ड-तो." आत्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "अशी कशी बाई ठेवली असन घरात. लेकराच्या मायले काई समजत नाई काय?"

मी कुंदाचा हात धरून उभी होते. आत्यानं बोट खालच्या ओळीवर नेलं. "म-ला वा-ट-तं, ति-च्या-पे-क्षा ए-स्ते-र च-तु-र आ-हे. ए-स्ते-र." बोट तिथेच राहिलं. "एस्तेर," ती पुन्हा म्हणाली, आता न तोडता. मग तिनं तो कागद चार घड्या करून कनवटीला लावला, भज्यांचा चुरा पदरावरून झटकला आणि उठली. मला तिनं पाहिलं होतं. ती माझ्या जवळून गेली, पण काही बोलली नाही. आत्या बोलत नाही हे मी त्या आधी कधी पाहिलं नव्हतं.

अर्ध्या तासात ती पेटी आणि कोंबडी घेऊन परत थांब्यावर आली. मेहकरची गाडी यायची होती. मी तिच्या बाजूला, पण दोन हात अंतर ठेवून बसले. बाबा शाळेत होते. आत्या गेली तर शनिवारी मला एकटीला ठेवून बाबा जाणार नाहीत, आणि बाबा गेले नाहीत तर आई दाराकडे डोळे लावून बसेल, एवढं मला कळत होतं. शब्द मात्र एकही येत नव्हता. दोन-दोन पानं लिहिणारी मी, तोंडानं "आत्या" एवढंच म्हणत होते, आणि तेही तीनदा.

"ओवा तुह्या मायनंच सांगतला होता," आत्या समोर बघत म्हणाली. "इकडं येताना दवाखान्यात तिले भेटली, तं म्हने, अक्का, सुवार्ताच्या पोटात दुखते, तिले ओवा देत जाजा. किती द्याचा ते नाई सांगतलं."

गाडी आली. कंडक्टरनं कोंबडीचं तिकीट मागितलं. आत्या म्हणाली, कोंबडी मांडीवर बसणार, तिला कशाला तिकीट. कंडक्टर म्हणाला, जीव आहे ना, मग तिकीट. "जीव तं तुह्या मिश्यांतबी असतीन," आत्या म्हणाली, आणि त्या वादात तिच्या हाताची पकड ढिली झाली. एस्तेर उडाली ती थेट गाडीखाली. मग पुढची पाच-दहा मिनिटं जानेफळच्या थांब्यावर काय चाललं होतं, ते शांतपणे सांगणं अवघड आहे. ड्रायव्हर खाली उतरला. दोन शेतकरी गाडीखाली गेले. रहीमचाचा हातात झारा घेऊन धावत आले, आणि झारा बघून एस्तेर आणखीच पिसाळली. शेवटी ती गाडीच्या मागच्या चाकावर चढून बसली, आणि मी पालथी पडून, परकर ग्रीसनं माखत, तिला दोन्ही पायांना धरून बाहेर ओढलं. तोवर कंडक्टरनं घंटी मारली होती. गाडी गेली.

आत्यानं कोंबडी माझ्या हातातून घेतली, तिची पिसं सारखी केली. "हे पाय," ती म्हणाली, "कोंबडीसाठी राह्यली मी. तुह्यासाठी नाई." आणि पेटी माझ्या डोक्यावर देऊन घराकडे चालायला लागली.

संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमारास, रहीमचाचा आमच्या दारात आले. हातात पांढऱ्या धुतलेल्या रुमालात बांधलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते बाबांना दोन्ही हातांनी दिलं.

"मास्टर, मले मराठी जास्त वाचता येत नाई," ते म्हणाले. "पन 'देव' येवढा शब्द समजते. ज्या कागदावर मालकाचं नाव हाय, त्यात भजे कसे बांधू? ते सगळे बाजूले ठेवले. ज्याच्यावर नाव नव्हतं, ते वापरले. गलती झाली आसन तं माफ करा."

मला तेव्हा कुठे सगळं कळलं. 'प्रिय देवबापा' पहिल्या पानांवर होतं. ती सगळी पानं, स्तुतीसकट, रुमालात सुखरूप होती. दुसऱ्या पानांवर त्याचं नाव नव्हतं. म्हणजे देवाची अब्रू चाचांनी राखली आणि आमची भज्यांना लावली. या गोष्टीला पन्नासहून जास्त वर्षं झाली, चाचा कधीच गेले, पण हे आठवलं की मला अजून एकटीला हसू येतं, आणि त्या रुमालाची घडी आठवली की हसू थांबतं.

हजेरीचं पान त्या रुमालात होतं. त्यावर देवाचं नाव चार वेळा होतं ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा ओट्यावर बसले होते, मांडीवर ती पानं. मी समोर जाऊन हात पुढे केला, कारण छडी हातावर घ्यायची असा नियम होता. बाबांनी हाताकडे पाहिलंच नाही. शाळेत आणि उपासनेत ते पुस्तकी मराठी बोलायचे, पण काही आतून हललं की ती सुटायची.

"तू मलेबी गैरहजर मांडलं," ते म्हणाले. "मी तं घरीच होतो."

"हो," मी म्हणाले. "पण दिसत नव्हता तुम्ही."

त्यांनी ते पान गुडघ्यावर सपाट केलं. लिंबाखाली एस्तेर काहीतरी टोचत होती. "बराबर मांडलं," ते शेवटी म्हणाले. मग बोट पहिल्या, देवबापाच्या ओळीवर ठेवून म्हणाले, "हे मांडायची मले हिंमत नाई झाली. मी कोरंच ठेवलं. रोज सकाळी उठतो, तोंड धुतो, अन् कोरं ठेवतो." त्यांनी पानं सारखी करून माझ्या हातात दिली. "लिहीत राह्य. शास्त्रातले अर्धे लोक तक्रारच करून राह्यले. फक्त आत्याच्या हाती लागू देऊ नको."

त्या रविवारी पाळकसाहेब येणार होते, पण त्यांची गाडी चुकली, आणि पाच घरांची माणसं ओसरीवर बसून राहिली. बाबा उभे राहिले. प्रवचनाची वही त्यांनी उघडली, मग मिटली. "आज माझ्याजवळ सांगायला काही नाही," ते म्हणाले. "मागचे तीन महिने नव्हतंच, पण मी सांगत होतो. आज ज्याची देवाजवळ जी तक्रार असेल, ती त्यानं इथे सांगावी."

अशी उपासना कुणी पाहिली नव्हती. मग शेवटच्या घरचे याकोबआजोबा उठले आणि म्हणाले, देवानं त्यांना चार पोरं दिली पण एकही बकऱ्या राखायला थांबला नाही, आणि बकऱ्या मात्र सगळ्या थांबल्या, हे उलटं झालं. कुणाची सून बोलत नव्हती, कुणाची फार बोलत होती. एकानं डासांबद्दल विचारलं. हळूहळू सगळे मोकळे झाले. माझ्या आठवणीत आमच्या ओसरीवर एकही माणूस न पेंगलेली ती पहिलीच उपासना. मग मार्थाआत्या उठली, आणि मी पेटीमागे खाली वाकले.

"माह्यी तक्रार भाकरीची नाई," आत्या म्हणाली. "भाकर जाड असते, मले मालूम हाय. दोन हात एका मानसासाठी भाकर करू करू तेच विसरले." तिनं वर बघितलं, म्हणजे आमच्या पत्र्याकडे. "माह्यं येवढंच म्हननं हाय. मी एकटी. मले ना पोर ना सोर. माह्या मागं कोनाचं काई अडत नाई. तुले न्याचंच होतं कोनाले, तं मी सुलतानपूरले रिकामीच बसेल होती. माह्या भावजयीच्या छातीवर काऊन बसला?"

ओसरी एकदम गप्प झाली. बाबांनी हातानं तोंड झाकलं. मी पेटीमागून उठले आणि आत्याजवळ जाऊन तिच्या लुगड्याला धरून उभी राहिले. त्या शांततेत एस्तेरनं पेटीच्या झाकणावर अंडं घातलं आणि कळवलं. आधी याकोबआजोबा हसले, मग सगळे. आत्या रडत रडत हसत होती. "आमेन," बाबा म्हणाले, आणि या वेळी मधला भाग कुणी विसरलेलं नव्हतं.

देवानं त्या तक्रारींचं काय केलं, हे मी सांगू शकत नाही. सासरी गेले, मुलं झाली, माणसं गेली, काही प्रार्थना ऐकल्या गेल्या आणि काही अजिबात नाही. त्या वर्षी एवढं झालं की बाबा रविवारी दवाखान्यातून आले की "बरी आहे" म्हणून पाय धुवायला जाईनासे झाले. बसायचे आणि सांगायचे. आज सुईनं पाणी काढलं, आज दोन घास जास्त खाल्ले, आज ताप होता आणि तिनं मला ओळखलं नाही. वाईट बातमीसुद्धा दोन शब्दांपेक्षा बरी असते, हे मला तेव्हा समजलं. आणि नाताळाच्या आधी आई घरी आली. इतकी बारीक, की एस्तेर तिला घाबरली नाही.

मग गाव तिला भेटायला यायला लागलं. येणारा प्रत्येक जण काहीतरी घेऊन यायचा, पपई, दूध, शेवया, आणि बसता बसता हळूच म्हणायचा, "वहिनी, आमच्या भज्यात आलं होतं, की मास्तरांचं प्रवचन..." आईला पहिली पानं मी वाचून दाखवली होती. ती सगळी मधेच तुटायची. पुढचा भाग लोकांकडे होता, आणि लोकांना तो पाठ होता. आई उशीला टेकून ऐकायची, एका हातानं बरगडी दाबून धरायची आणि तिचे खांदे हलायचे. आत्या चुलीपुढून ओरडायची, "हसवू नका तिले, टाके नाईत पन दुखते," आणि मग स्वतःच म्हशीचं वाक्य पूर्ण करायची.

सगळ्यात शेवटी कुंदाचे वडील आले. तायडेकाका सकाळी टपालाला निघताना दारात थांबले, सायकल भिंतीला लावली आणि खाकी शर्टाच्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला. तेलाचे डाग होते, पण कुणीतरी त्यावर पीठ टाकून ते टिपलेले दिसत होते.

"हे मी कोनाले वाचून नाई दाखवलं, वहिनी," ते म्हणाले. "पत्र हाय. पत्ता नाई याच्यावर, पन कोनाले लिहिलं ते समजते. आमच्या बौद्धांत देव मानत नाईत, म्हनून त्याच्याकडं पोचवायचं मले काई जमलं नाई. तुमच्याकडंच देतो."

आईनं कागद उघडला. मला माझं अक्षर दिसलं आणि काय लिहिलं होतं तेही आठवलं. '...आणि आत्या वेणी फार घट्ट घालते. डोळे कपाळाकडे ओढले जातात आणि मी दिवसभर आश्चर्य वाटल्यासारखी दिसते. गुरुजी विचारतात, काय झालं. आईची वेणी ढिली असायची. दुपारपर्यंत सुटायची आणि मी तिच्यावर चिडायची. मला आता चांगली वेणी नको. मला ती सुटणारी पाहिजे.'

आईनं तो कागद दोनदा वाचला. तायडेकाका सायकल घेऊन गेले. शाळेची पहिली घंटा झाली होती.

"फणी आन," आई म्हणाली.

मी खाटेपाशी जमिनीवर बसले. तिची बोटं गार होती आणि केसांतून फार हळू फिरत होती. एक वेणी घालून झाली आणि तिचे हात खाली आले. ती उशीला टेकली, तिला दम लागला होता. आत्या पिठाचे हात पदराला पुसत आली, "सरक, दुसरी मी घालते." मी डोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि उठून पळाले. एका बाजूला वेणी, दुसऱ्या बाजूला मोकळे केस, अशी मी गावातून चालले, आणि ज्यांनी ज्यांनी पाहिलं ते हसले. शाळेच्या फाटकापाशी पोचेपर्यंत ती वेणीही सुटली.